पेंटरच्या बायकोची दुसरी ओळ

भिंतीवर काहीही लिहायचं असलं, की पेंटर आधी खडूने बायकोच्या कवितेच्या दोन ओळी लिहून बघायचा. अक्षरं केवढी बसतील त्याचा अंदाज यायचा. मग ओल्या फडक्याने त्या पुसून गिऱ्हाइकाचा मजकूर आखायचा. कवितांची वही कुणाला दाखवायची नाही अशी बायकोने शपथ घातली होती. पण पुसून टाकलं की शपथ कसली मोडते?

त्या सकाळी दाखल्यांच्या कार्यालयात ‘रांगेत उभे राहावे, गडबड करू नये’ एवढंच लिहायचं होतं. खडू झाला, चहा झाला, पुसायचं तेवढं राहिलं. पेंटरलोक अक्षरं भरतात, वाचत नाहीत. तो शिडीवरून उतरला तेव्हा भिंतीवर तेलरंगात वीतभर उंचीची अक्षरं झळकत होती:

रांगेमध्ये उभी राहून पाय दुखले फार,
मागचीशी बोलले, तर हलका झाला भार.

त्याची पाचावर धारण बसली. साहेबांचं काय, फार तर पुसायला लावतील. पण अकरा वाजता बायकोच दाखल्यासाठी येणार होती! तीस वर्षांत तिने वही फक्त त्याच्यापुढे उघडली होती. आता ती त्यालाही दाखवणार नाही.

रॉकेलचं फडकं घेऊन तो शिडी चढला, तोवर रांग लागली होती.

“ओ पेंटर, हात लावू नका!” एक आजोबा ओरडले. “माझेच पाय आहेत ते!”

रांग हसली. साहेब बाहेर आले, वाचून मिशीत हसले आणि म्हणाले, “राहू द्या. आज पहिल्यांदाच गडबड नाही.”

तेवढ्यात बायको दारात. तिने भिंत वाचली, मग नवऱ्याकडे असं पाहिलं की त्याची पार गोगलगाय झाली. मग ती सरळ रांगेत जाऊन उभी राहिली. मागच्या बाईने काहीतरी विचारलं, हिने उत्तर दिलं, आणि अर्ध्या तासात दोघी खिदळत होत्या.

दाखला घेऊन ती शिडीपाशी आली.

“शपथ मोडलीत ना?”

“चुकलं गं.”

“दुसरी ओळ मिळमिळीत आहे. चार लोकांत उभं राहिल्यावर कळलं. पुसा ती.”

पिशवी त्याच्या हातात कोंबून ती स्वतःच शिडी चढली. तिने रॉकेलच्या फडक्याने ती ओळ पुसली आणि खडूने लिहिलं:

मागचीशी बोलले, तर जुळला नवा शेजार.

“भरा आता रंग,” ती उतरत म्हणाली. “आणि या वेळी वाचून भरा!”