चुडामण पहिलवानाचा भाव

चुडामण पहिलवान लाडकुंवरबाईंच्या दुकानाची पायरी चढला तो भांडायलाच. तळपायाची आग पार मस्तकात गेलेली.

"मना फोटो पाच पैसाले?" त्यानं काचेच्या कपाटावर थाप मारली. काच तडकली.

पाच पैसे! अहो, परवापर्यंत हाच फोटो आठ आण्याला जात होता. जळगावच्या बाजारात लाडकुंवरबाई पाटी-पेन्सिलीबरोबर पहिलवानांचे छापील फोटो विकत, पत्त्याएवढे, मागे नाव नि गाव. शौकीन लोक ते जमवत, अदलाबदल करत. गडी जिंकला की फोटो चढे, हरला की उतरे. आणि गंमत म्हणा की आफत, जत्रेचे पंचसुद्धा जोड लावायच्या आधी बाईंना भाव विचारून जात. महाग फोटोला मोठी कुस्ती, स्वस्ताला पोरासोरांची. पाचोऱ्याला चुडामणचा गुडघा दगा देऊन गेला, कालच्या पोरानं त्याला चारी मुंड्या चीत केलं आणि दुसऱ्या दिवशी बाईंनी भाव उतरवला. आता जामनेरची जत्रा तोंडावर आलेली. नारळ नि रेवड्यांवर बोळवण व्हायची, ही धास्ती त्याला झोपू देईना.

"हरले तुम्ही आणि काच माझी फोडता?" बाई कडाडल्या. "भाव मी नाही पाडला. तुम्ही पडलात!"

"तोंड सांभाळा अक्का! बठ्ठा फोटो काढा. मी इकत लेस."

दुकानात फोटोच उरला नाही की भाव चढेल, एवढाच त्याचा डाव. बाईंनी तो ओळखला. गठ्ठा त्याच्यापुढे आपटत त्या म्हणाल्या, "भाव चढला की जोडही चढते, पहिलवान. गुडघ्याला विचारलंत का?"

"मले शिकाडू नका!"

पैसे मोजून त्यानं गठ्ठा उचलला. आणि झालं त्याच्या मनासारखंच. फोटो मिळेना म्हटल्यावर बाजारात कुजबुज सुटली, चुडामणनं काहीतरी जबरी तयारी केलीय म्हणे! ज्यांच्या घरी फोटो होते ते अडून बसले. आठ आणे, रुपया, बघता बघता दोन रुपये. चुडामण मिशीला पीळ देत रोज दुकानासमोर चकरा मारू लागला. बाई त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नसत.

मग एका सकाळी जामनेरचे पंच गिरधर पाटील आले. चुडामण लगबगीनं आत शिरला.

"यांचा काय भाव, बाई?" पाटलांनी विचारलं.

"दोन रुपये."

"अरे वा! मग जत्रेतली शेवटची मोठी कुस्ती यांचीच. निंबा पहिलवानाशी."

चुडामणच्या तोंडचं पाणी पळालं. गेल्या साली शिंदखेड्याला निंबानं एकाचा खांदा असा निखळवला की त्या बापड्याला अजून घास तोंडापर्यंत नेता येत नाही. गुडघा गेलाय म्हणावं तर बाजारभर हसं, गप्प बसावं तर पायच जायचा! गिऱ्हाइकं तर टाळ्या पिटायला लागली होती.

तो बाईंच्या कानाशी वाकला. "अक्का, पाच पैसा सांगा ना. तुमना पाया पडस."

"दोन रुपये!" बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "जत्रा होऊ द्या, पहिलवान. मग पाच पैसेच सांगीन."