गालावरची बट

भाऊ भिंगावर मान वाकवून इतकी वर्षं बसला होता, की शेजारीपाजारी त्याला चेहऱ्याने नाही, टकलाने ओळखायचे.

प्राचीन ग्रीकांच्या एका शहराची साठ चांदीची नाणी तपासून त्याने ती पाडायला वापरलेले देवीच्या मुखड्याचे एकोणतीस लोखंडी ठसे वेगळे ओळखले होते. त्यांतले सतरा ठसे एकेकाच नाण्यावर दिसत होते. म्हणजे अजून न सापडलेलेही पुष्कळ असणार, म्हणून त्याचा अंदाज होता एकूण चाळीस ठशांचा. जितके ठसे जास्त, तितकी नाणी जास्त! पुस्तकाचं नावच ‘चांदीत लोळणारं शहर’, आणि दुपारी ते छापायला जाणार होतं.

त्याची थोरली बहीण फोटो स्टुडिओ चालवायची. तिने सहज नाण्यांचे फोटो चाळले.

“या दोघी वेगळ्या कशा रे?”

“हिच्या गालावर बट आहे, ताई. तिच्या नाही.”

“बट केसांतून निघते, शहाण्या. ही नाकपुडीतून निघालीय!”

भावाने भिंग लावलं. नाक, कान, ओठ सगळं तेच. वापरून वापरून ठसा तडकला होता, आणि तड्याची रेघ नाण्यावर उठली होती. अशा सहा जोड्या निघाल्या. ठसे उरले तेवीस, त्यांतले एकेकाच नाण्यावरचे फक्त पाच, म्हणजे न सापडलेलेही थोडेच; अंदाज चाळिसावरून पंचविसावर घसरला.

“माझं शहर भिकेला लागलं, ताई.”

“भिकेला कसलं? तडकलेला ठसासुद्धा टाकला नाही त्यांनी. अगदी आपल्या आईसारखे!”

भावाने छापखान्याला थांबायला सांगितलं, जुनं नाव खोडलं आणि वर लिहिलं, ‘काटकसरी शहर’.