पिंपांची पवनचक्की

हैदराबादच्या उत्तरेकडच्या औद्योगिक वसाहतीत अंबाजींनी पस्तीस वर्षं वेल्डिंग केलं. कारखाना बंद पडला तेव्हा दुसऱ्या एका कारखान्याकडून त्यांना लगेच बोलावणं आलं. त्याच आठवड्यात पुण्याची तरुण इंजिनिअर श्रुती त्यांना भेटली. भंगारातून छोट्या पवनचक्क्या करायची सरकारी योजना तिच्याकडे होती.

"पहिली चालली की चाळीस करायच्यात, काका. सगळ्या तुमच्याच हाताखाली."

अंबाजींनी दुसरीकडे नाही म्हणून कळवलं.

रसायनांची रिकामी पिंपं उभी चिरून त्यांनी पाती केली. मोडक्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या चाकातली मोटर जनित्र म्हणून बसवली. सप्टेंबरात चक्की वसाहतीतल्या एका शेडच्या छपरावर चढली, पाच-सहा दिवस फिरलीसुद्धा.

मग वारा पडला.

श्रुतीने वारा मोजला होता तो फक्त जून-जुलैत. ते इथले वाऱ्याचेच महिने. वर्षभर मोजायला हवं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण तेवढं थांबलं तर मंजुरी गेली असती, म्हणून अहवालात तिने तो विषय काढलाच नाही.

अंबाजी रोज शिडी चढायचे. ग्रीस बदलायचे, पाती घासून पातळ करायचे. एकदा बोटं सोलवटून घेतली.

"माझंच चुकलं, मॅडम. वजन जास्ती झालं. जरा ठैरा, हलकी करतो."

श्रुती खाली शिडी धरून उभी राहायची.

नोव्हेंबरात योजनेचे सरकारी पाहुणे तपासणीला आले. पाहतात तर चक्की गरगर फिरत होती. टाळ्या वाजल्या. अंबाजींचे डोळे भरून आले. तेवढ्यात त्यांचं लक्ष शेजारच्या धुराड्याकडे गेलं. धूर सरळ वर चालला होता.

ते शिडीने छपरावर गेले. ताडपत्रीच्या आडोशाला हवा फेकणारा मोठा ब्लोअर लावलेला होता. शेडच्या मॅनेजरने सकाळीच तो वर चढवला होता, श्रुतीला सांगून.

अंबाजी खाली आले आणि त्यांनी पाहुण्यांसमोरच विचारलं, "मॅडम, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि वारं नाही, ते?"

"तेही. पहिल्यापासून."

"मग मी दोन महिने काय घासत बसलो?"

अंबाजींनी स्वतः जाऊन ब्लोअर बंद केला. चक्की दोन-तीन फेरे घेऊन थांबली.

योजना रद्द झाली. दुसऱ्या कारखान्यातली जागा केव्हाच भरली होती, आणि बासष्टाव्या वर्षी नव्याने कोणी घेईना.

डिसेंबरात श्रुती जामबाग भागातल्या त्यांच्या घरी गेली. दार त्यांच्या बायकोने, इंदुताईंनी उघडलं.

"ते कोणाशी बोलत नाहीत आताशा," त्या म्हणाल्या. "माझ्याशीबी नाही."

आतल्या खोलीत अंबाजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. श्रुतीने हाक मारली. खांदा किंचित हलला, पण ते वळले नाहीत. इंदुताईंनी हळूच दार लोटून घेतलं. श्रुती पायरी उतरली. मग चालायला लागली.