निजलेला दगड

श्यामरावांच्या पोटात दुखायला सुरुवात झाली ती खिदिरपूरच्या गोदीत. राखालबाबूंनी बागबाजारात 'रंगमाला लिथो प्रेस' काढला तो एकोणीसशे सत्तावीस साली. जर्मनीहून आलेले छपाईचे दगड गोदीतून आणताना बैलगाडीवर मालकाशेजारी कोण बसलं होतं? श्यामराव. पंचवीस वर्षांनी ऑफसेटचं नवं यंत्र त्याच गोदीत उतरलं, तेव्हा लॉरीत मालकाशेजारी बसला श्रीकांत. मुंबईच्या कलाशाळेत शिकलेला, वडिलांच्या सरकारी बदलीमुळे कलकत्त्यात टपकलेला, जेमतेम सव्वीस वर्षांचा पोरगा! आणि श्यामराव मागून ट्रामने आले.

श्यामरावांचं काम साधंसुधं नव्हतं. मूळ चित्र समोर ठेवायचं, त्यात कुठला रंग किती मिसळलाय हे नुसत्या डोळ्यांनी ओळखायचं आणि प्रत्येक रंगासाठी वेगळ्या दगडावर तेलकट खडूने ठिपका ठिपका टिपायचा, तोही उलटा. कॅलेंडरवरची त्यांची लक्ष्मी अकरा दगडांवर उतरली होती. त्या साली सियालदहच्या बाजारात अशी दुकानदाराची गादी नव्हती जिच्या मागे ती टांगलेली नव्हती. तिचे डोळे शकुनचे होते, म्हणजे त्यांच्या बायकोचे. पण हे गुपित त्यांनी प्रेसमध्ये कधी कोणाला सांगितलं नाही.

आणि हा श्रीकांत काय करायचा? कॅमेऱ्यापुढे चित्र लावायचा, रंगीत काचा बदलायचा, आणि श्यामरावांचा चहा संपेपर्यंत रंग वेगळे झालेले असायचे. हिला काय कला म्हणायची? पण राखालबाबू गिऱ्हाइकांपुढे 'आमादेर श्रीकांत, आमादेर श्रीकांत', आमचा श्रीकांत, करत नाचायचे. श्यामरावांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

घरीही सुटका नव्हती. दर रविवारी श्रीकांत जेवायला यायचा. घराबाहेर मराठी कानावर पडत नाही म्हणून शकुन आधीच आसुसलेली.

"किती गुणी मुलगा आहे हो! उसळ तीनदा मागून घेतली."

"मीही पंचवीस वर्षं तीच उसळ खातोय."

"तुम्ही कुठे मागता? पुढ्यात येईल ते गिळता."

एकदाच काय तो श्रीकांत श्यामरावांच्या तावडीत सापडला होता, अगदी पहिल्या आठवड्यात. दगडाला डिंकाचा हात देऊन शाई धुऊन टाकली की वरचं चित्र दिसेनासं होतं. पण जात नाही. पुन्हा शाईचा रूळ फिरवला की वर येतं. कारागीर त्याला निजलेला दगड म्हणत. श्रीकांतने असाच एक कोरा समजून, नव्या चित्रासाठी घासून साफ करायला गफूरकडे दिला होता. श्यामरावांनी त्याला चारचौघांत फैलावर घेतलं. "दगड ओला करायचा, उजेडाकडे तिरपा धरायचा, मगच वाळू टाकायची. हा या प्रेसचा नियम आहे, आणि तो मी घातलाय." श्रीकांतने मान खाली घालून ऐकून घेतलं होतं. तो दिवस आठवला की श्यामरावांना अजून बरं वाटायचं.

मग प्रेसचा रौप्यमहोत्सव आला. राखालबाबूंनी दर्शनी खोलीत काचेचं कपाट करवून घेतलं. प्रेसची आठवण म्हणून एकच दगड त्यात कायमचा राहणार होता, खाली चित्रकाराच्या नावाची पितळी पट्टी. श्यामरावांनी मनातल्या मनात पट्टी वाचूनही टाकली. अन् राखालबाबू म्हणाले, "दगड श्रीकांतनेच निवडलाय. महोत्सवाच्या दिवशी बघा."

श्रीकांतने निवडलाय! मग आणखी कोणाचा असणार? त्याची ती चहाच्या डब्यावरची पानं खुडणारी बाई, कॅमेऱ्यातून दगडावर उतरवलेली. तिच्यासाठी पट्टी, आणि श्यामरावांनी टाळ्या वाजवायच्या.

शनिवारी भर दुपारी माणसं जेवायला गेली, तेव्हा श्यामराव श्रीकांतच्या टेबलापाशी गेले. ती पानं खुडणारी चहावाली तिथेच होती. दगड लहान, एकट्याने उचलण्याजोगा. घासायचे तर दोन दगड लागतात. एकमेकांच्या तोंडावर ठेवून मध्ये वाळू आणि पाणी घालतात. शेजारीच एक पांढरा स्वच्छ दगड होता. श्यामरावांनी तो चहावालीवर पालथा घातला आणि गोल गोल फिरवू लागले. वीस वर्षांत हे काम केलं नव्हतं. दंड भरून आले, पण थांबवेना. राखाडी लगदा कडेने ओघळत होता आणि त्यांना इतका आनंद होत होता की स्वतःचीच लाज वाटली.

पाणी मारलं. चहावाली गेली होती. वरचा दगड उलटा करताना सवयीने हात उजेडाकडे तिरपा झाला. घासायच्या आधी जे करायचं, ते आत्ता. मध्यभागी सगळं सपाट होतं, पण वाळू नीट न पोचलेल्या एका कोपऱ्यात ओल धरत नव्हती. तिथे तेलकट ठिपके होते. कमळाची अर्धी पाकळी, उलटी. हा ठिपका कोणाच्या हातचा, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

श्रीकांत दारात उभा होता.

"काका, हा तर लक्ष्मीच्या चेहऱ्याचा दगड! गोदामातून शोधून काढला होता मी, कपाटासाठी. आज कॅमेऱ्यावर त्याची निगेटिव्ह घेऊन ठेवणार होतो. कोणी घासला? गफूरने? त्याला आता..."

"गफूर जेवायला गेलाय. मी घासला."

"तुमचाच दगड? तुम्ही?"

"तुझा घासायला आलो होतो."

श्रीकांतने खालच्या दगडाकडे पाहिलं.

"माझ्या चित्राची निगेटिव्ह आहे, काका," तो हळूच म्हणाला. "आत कपाटात."

श्यामरावांनी वाळूने भरलेले हात धोतराला पुसले आणि त्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला, तेवढीच पाकळी झाकण्यापुरता.