दुधाच्या दाताची ओळ

मित्रांनो, मी एक जुना जस्ताचा ठसा आहे. छापखान्यात मला ब्लॉक म्हणतात. माझ्या अंगावर एक कविता कोरलेली होती. ती कुणा मोठ्या कवीची नव्हती. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या आमच्या जुळाऱ्याची सहा वर्षांची मुलगी तापाने गेली, तेव्हा त्याने ती लिहिली होती.

'पडलेला तुझा दुधाचा दात
अजून आहे माझ्या खिशात.'

पुढच्या ओळींत तिचे उलटसुलट घातलेले बूट होते, तिचं बोबडं बोलणं होतं. आमच्या साप्ताहिकात ती कविता छापून आली आणि समोरच्या घड्याळजीने डोळे पुसत दुकान बंद केलं. मुलीला त्याने कधी पाहिलंही नव्हतं. मग ज्याच्या त्याच्या घरून मागणी येऊ लागली, "आमच्या निधनवार्तेतही तीच कविता टाका." म्हणून मालकांनी मला घडवून घेतलं. तेव्हा माझा काय रुबाब होता!

एकदा एक गिऱ्हाईक मात्र वैतागलं. "अहो, आमच्या आजोबांच्या तोंडात एकही दात नव्हता! लोक हसतील की."

मालक जुळाऱ्याला म्हणाले, "काढून टाका ती ओळ. कुणालाही चालेल असं घाला काहीतरी."

पोटाचा प्रश्न होता. त्याने मान खाली घालून करवत घेतली. दातापाठोपाठ बूट गेले, मग बोबडे बोलही गेले. त्यांच्या जागी जोडलेल्या नव्या पट्ट्यांवर 'काळाने घाला घातला' आलं, 'आधारवड कोसळला' आलं. आता मी सगळ्यांना चालत होतो. डोळे मात्र कुणाचेच भरून येत नव्हते. लोक पान उलटून बाजारभाव बघत.

बऱ्याच वर्षांनी जुळाऱ्याची बायको छापखान्यात आली. घरातलं कवितेचं कात्रण घड्यांवर फाटून गेलं होतं.

"आपल्या छकुलीची कविता एकदा छापून द्या ना."

त्याने मला शाई लावली आणि कागद दाबला. तिने तो वाचला.

"ही कुणाची?"

"तिचीच होती गं. दाताची ओळ आठवते. पुढचं जुळत नाही."

"मलाही नाही आठवत हो," ती म्हणाली.

मित्रांनो, गेलेल्या माणसासाठी काही लिहिलंत तर ते त्याचंच राहू द्या. कुणालाही चालेल असं करू नका. मला हे फार उशिरा कळलं, आणि कळूनही माझा काही उपयोग नाही. ती बाई कितीतरी वेळ माझ्यावरून बोट फिरवत राहिली. तिच्या मुलीचं एक अक्षरही माझ्यावर उरलेलं नव्हतं.