एक्केचाळीस अंश

एक्केचाळीस अंशांच्या वर मानवी संस्कृती संपते आणि जंतूंचं राज्य सुरू होतं, असं मर्ल डेक्स्ट्रा एकतीस वर्षं सांगत आला. अंश अर्थात फॅरनहाइट. आमच्याकडे दुसरे अंश कुणी मोजत नाही. जानेवारीतल्या त्या रविवारी सकाळी त्याच्या स्वतःच्या फ्रिजमध्ये त्रेपन्न अंश होते आणि आत एक कासव झोपलेलं होतं.

फ्रिज रात्रीतून कधीतरी बंद पडला होता. मर्लने प्लग काढून पुन्हा लावला, मागे हात घालून चाचपलं, शेवटी दाराला एक लाथ घातली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मारलेल्या लाथेला फ्रिज भीक घालत नाहीत.

कासवाचं नाव जज. ते मर्लच्या बायकोने, लोइसने ठेवलं होतं, कारण तो कुठलाही निकाल घाईने देत नसे. दर नोव्हेंबरात लोइस त्याचं वजन करायची, पेंढा भरलेल्या बुटांच्या खोक्यात त्याला ठेवायची आणि खोकं फ्रिजच्या मधल्या कप्प्यात सरकवायची. मार्चमध्ये बाहेर काढायची. असली कासवं पाळणारे बरेच जण हेच करतात. या कासवांना हिवाळाभर झोप लागते, आणि फ्रिजइतका सरळ वागणारा हिवाळा आमच्या मिशिगनमध्ये पडत नाही. मर्ल जिल्ह्याचा आरोग्य निरीक्षक होता, हॉटेलांचे फ्रिज तपासणारा. घरातल्या फ्रिजमधून दूध काढताना तो चोवीस वर्षं नजर दुसरीकडे वळवत असे.

गेल्या एप्रिलमध्ये लोइस गेली. मागे एक वही ठेवून गेली. पहिल्या पानावर लिहिलं होतं, ‘मर्ल, ४१. तुझाच आकडा आहे, विसरणार नाहीस.’ दुसऱ्या पानावर, ‘गोठू देऊ नकोस. पन्नासच्या वर राहिला तर जागा होईल. मार्चच्या आधी जागा झाला तर काही खाणार नाही, आणि मागच्या आजारपणापासून त्याच्या अंगात उपाशी राहण्याइतका जीव नाही.’

मर्लने अंगणातून बादलीभर बर्फ आणून फ्रिजमध्ये ठेवला. अर्ध्या तासात थर्मामीटरचा काटा तेहतिसावर आला, आणि बत्तीसला पाणी गोठतं. त्याने घाबरून बादली बाहेर काढली. काटा चढत चढत अठ्ठेचाळीसवर गेला. बादली आत, बादली बाहेर, असं करत नऊ वाजले तेव्हा स्वयंपाकघरात तळं साचलं होतं आणि मर्लचे मोजे भिजले होते. गॅरेजमध्ये अकरा अंश होते. दोन्हीकडचे शेजारी हिवाळ्यासाठी फ्लोरिडाला गेलेले. नवा फ्रिज मंगळवारी मिळेल, असं दुकानाच्या फोनमधली बाई सांगत होती, आणि ती बाई ध्वनिमुद्रित होती, त्यामुळे तिच्याशी वादही घालता येत नव्हता.

त्याने ॲरिझोनातल्या मुलीला फोन केला.

“डॅड, उठवून टाका ना त्याला. दिव्याखाली ठेवा.”

“तुझी आई नको म्हणालीय.”

“आई काही कासवांची डॉक्टर नव्हती.”

“मीपण नाही.”

मग मुलगी म्हणाली, “डॅड, तुम्ही नीट जेवताय ना?”

“फ्रिज बंद आहे,” मर्ल म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

खोक्याचं झाकण उचलून त्याने आत पाहिलं. दोन महिने दगडासारख्या पडलेल्या जजने झोपेतच मागचा एक पाय पेंढ्यात रेटला. मर्लने झाकण पटकन लावलं. तो खुर्चीवर बसला, खोकं मांडीवर घेतलं, आणि लोइस असती तर तिने काय केलं असतं याचा विचार करू लागला. लोइसने आधी मोजे बदलले असते. तेवढंच त्याला सुचलं, आणि तेही त्याने केलं नाही.

रविवारी सकाळी उघडं असलेलं आणि खात्रीने एक्केचाळीस अंशांवर असलेलं गावात एकच ठिकाण होतं. ती खात्री मर्लइतकी दुसऱ्या कुणालाच नव्हती. बावीस वर्षांपूर्वी ईस्टरच्या आदल्या शुक्रवारी त्यानेच ग्रीक कारासच्या खानावळीला, कारास डायनरला, टाळं ठोकलं होतं, कारण तिथल्या थंड खोलीत चव्वेचाळीस अंश होते. म्हातारा कारास म्हणाला होता, “सोमवारपर्यंत तरी थांबा.” मर्ल म्हणाला होता, “थर्मामीटरला सोमवार कळत नाही.” गावातल्या सगळ्या ग्रीक घरांचं तिथे ठेवलेलं ईस्टरचं मटण त्या दिवशी कचऱ्यात गेलं. पुढे मर्लने तिथे तपासणीशिवाय कधी पाऊल टाकलं नाही.

चर्च नुकतंच सुटलं होतं. काउंटरवर आम्ही सातआठ जण अंडी खात बसलो होतो. मर्ल आत आला तो कोटाच्या आत काहीतरी छातीशी धरून, आणि चालताना त्याचे बूट पचपचत होते. म्हाताऱ्या कारासची मुलगी डेस्पिना कॉफी ओतत होती. तिने मान वर केली नाही.

“या, इन्स्पेक्टर. रिटायर झालात ना तुम्ही? की आता हौसेने करता?”

“काम होतं जरा.”

“ते तर नेहमीच असायचं.”

“थंड खोलीत किती आहेत?”

आता तिने वर पाहिलं. “एक्केचाळीस. बावीस वर्षं एक्केचाळीस. माझ्या बाबांनी हॉस्पिटलात शेवटच्या दिवशीसुद्धा हेच विचारलं. मला ओळखलं नाही त्यांनी, पण किती आहेत ते विचारलं.”

मर्लने कोटातून खोकं काढून काउंटरवर ठेवलं. मग लोक खातात तिथे बुटांचं खोकं ठेवणं हा वेगळा गुन्हा आहे हे आठवून त्याने ते पुन्हा उचललं आणि हातात धरून उभा राहिला.

“कासव आहे,” तो म्हणाला.

“मेलेलं?”

“अजून नाही.” मग त्याने फ्रिजचं सांगितलं, बादलीचं सांगितलं, मंगळवारचं सांगितलं. “लोइसचं आहे.”

“लोइस दर शनिवारी यायची,” डेस्पिना म्हणाली. “लिंबाच्या केकचा एक तुकडा इथे खायची, एक बांधून न्यायची. बांधलेला कुणाला लागायचा हो?”

मर्लने खोक्याकडे पाहिलं. “चांगला असायचा.”

“बावीस वर्षांनी कळवताय.”

“मंगळवारपर्यंत ठेवाल का याला?”

डेस्पिनाने कॉफीचं भांडं खाली ठेवलं. “नियम काय म्हणतो, इन्स्पेक्टर?”

खोटं बोलायला हीच वेळ होती. आमच्यापैकी कुणीही बोललं असतं. पण मर्लला त्याचा सराव नव्हता.

“खाद्यपदार्थांच्या खोलीत जिवंत प्राणी ठेवायचा नाही,” तो म्हणाला. “कासव तर मुळीच नाही. त्यांच्या अंगावर जंतू असतात. सापडलं तर टाळं.”

“काही सवलत?”

“जिवंत शिंपल्यांना आहे.”

“हा शिंपला आहे?”

“नाही.”

“मग तुम्हीच सांगा, मी काय करू?”

एकतीस वर्षांच्या नोकरीत मर्लने नियम मोडायला कधी कुणाला सांगितलं नव्हतं. खोक्यात पेंढा खसखसला. मर्लने झाकणावर हात दाबून धरला, जणू त्याने आत झोप परत येणार होती.

“मोडा,” तो म्हणाला. आवाज इतका बारीक होता की शेजारी बसलेल्या मलाही जेमतेम ऐकू आला. “मला दुसरं काही सुचत नाही, मिस कारास. घरात आता तिचं हलणारं एवढंच उरलंय.”

डेस्पिनाने हात पुसले. एकदा पुसले, मग पुन्हा पुसले. गल्ल्यामागे भिंतीवर मर्लच्या सहीचा तो जुना टाळ्याचा हुकूम चौकटीत लावलेला होता. तिने तिकडे पाहिलं.

“थर्मामीटरला सोमवार कळत नाही म्हणाला होतात,” ती म्हणाली. “मंगळवार कळतो?”

“नाही,” मर्ल म्हणाला.

ती काउंटरला वळसा घालून पुढे आली आणि तिने त्याच्या हातातून खोकं घेतलं, दोन्ही हातांनी, आडवं, जराही हेलकावा न देता. आम्ही सगळ्यांनी एकदम आपापल्या अंड्यांत डोकं घातलं. कुणी काही पाहिलं नाही, आणि आजतागायत कुणी काही पाहिलेलं नाही.

ती स्वयंपाकघराच्या दाराशी पोचली तेव्हा मर्लने डोक्यावरची टोपी काढली.

“मिस कारास.”

ती थांबली. त्याने टोपी छातीशी धरली. हा आता तिच्या बापाची माफी मागणार, हे आम्हा सगळ्यांना कळलं. म्हातारी मिसेस व्हेंडर तर पर्समध्ये रुमाल शोधू लागली.

“एक विनंती आहे,” मर्ल म्हणाला. “कच्ची कोंबडी ठिबकते. त्याला तिच्या खालच्या फळीवर ठेवू नका.”