पडद्याच्या कडेचा घोडेस्वार

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्यासोबत चला. असं समजा, आपण देऊळगाव राजाला बालाजीच्या यात्रेत आलो आहोत. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झालीत. टीव्ही कोणाच्याच घरी नाही; तो शब्दसुद्धा इकडे कोणी ऐकलेला नाही. रेवड्यांची आणि बांगड्यांची दुकानं ओलांडली की एक भला मोठा तंबू लागतो. त्याच्यामागे इंजिन धडधडतंय, भोंग्यावर गाणं चाललंय. ही टुरिंग टॉकीज, म्हणजे गावोगाव फिरणारा सिनेमा.

आता तंबूच्या आत या. मधोमध दोन बांबूंना एक पांढरं कापड ताणून बांधलंय. कापडाच्या एका अंगाला मशीन, आणि त्याच अंगाला पुरुष बसलेत. बाया कापडाच्या पाठीमागे. दोघांनी एका बाजूला बसायचं नाही, अशी तेव्हा रीत होती. कापड पाणी मारून ओलं केलं की चित्र आरपार उमटायचं, आणि बायांनाही खेळ दिसायचा.

त्या पाठीमागच्या बाजूला, शेजारच्या झुंबरबाईला खेटून, चांगुणा बसली होती. इयत्ता तिसरीतली पोर. पडद्यावर जादूगार आला, पलंग आभाळात उडाला, डोळ्यांच्या जागी दिवे असलेला लोखंडी माणूस धाडधाड पावलं टाकत आला. बायापोरं ओरडली. चांगुणा ओरडली नाही. ती घोडेस्वारांची वाट पाहत होती.

त्या घोडेस्वारांत तिचा बाप होता.

तिच्या बापाचं नाव कडूबा. गावातल्या मोठ्या शेतकऱ्याची घोडी तो सांभाळायचा. घोड्यावर असा बसायचा की जणू तिथंच जन्मला. चांगुणा पाळण्यात असताना तो मुंबईला गेला, आणि सिनेमातल्या लढायांमध्ये घोडा दौडवायचं काम त्याला मिळालं. पुढे एका सिनेमाचं काम चालू असतानाच तो घोड्यावरून पडला आणि गेला. त्याच्यासोबत काम करणारा एक जण येऊन एवढं सांगून गेला. कडूबाचा फोटो कधी कोणी काढला नव्हता. त्यामुळे आपला बाप दिसायचा कसा, हे चांगुणेला ठाऊक नव्हतं. माय, सोजराबाई, विचारलं की म्हणायची, माणसासारखा माणूस होता, आणि चुलीत फुंकर घालायची.

आणि यंदा तोच सिनेमा यात्रेत आला. चांगुणेचे काका शेषराव यांनी तो आधी जालन्याला, पक्क्या टॉकीजमध्ये पाहिला होता. यात्रेला ते बैलगाडी घेऊन आले, पण बैल सोडून आत कसं बसणार? बाहेर राहिले. चांगुणा आत जाताना तिला जवळ बोलावून त्यांनी खूण सांगितली.

"राजाच्या वाड्यापुढं घोडेस्वार रांगेत उभे राह्यतात. तू ज्या हातानं जेवतं, त्या हाताकडचा, अगदी कडेचा. तो तुहा बाप. नीट पाहून घेजो."

रांग आली. चांगुणेनं आपला जेवायचा हात मांडीवर घट्ट दाबून धरला आणि त्या बाजूची कड पाहिली. पांढऱ्या घोड्यावर एक उंचापुरा स्वार, पिळदार मिशा, हसला की गालाला खळी. पाहता पाहता रांग निघून गेली. पण तेवढ्यात तिनं सगळं चेहऱ्यासकट उचलून घेतलं होतं.

घरी येईपर्यंत ती गाडीत एक शब्द बोलली नाही. जणू तोंड उघडलं तर चेहरा सांडेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय भाकरी थापत होती. झुंबरबाई विस्तव न्यायला आली होती. शेषराव ओसरीवर चहा पीत बसले होते. चांगुणेनं तेव्हा कुठं सांगायला सुरुवात केली. मिशा सांगितल्या, पांढरा घोडा सांगितला, गालाची खळी सांगितली.

सोजराबाईचा हात भाकरीवर थांबला.

"खळी नव्हती तुह्या बापाले," ती हळूच म्हणाली.

मग झुंबरबाईच म्हणाली, की सिनेमावाले रंग लावतात, मिशा चिकटवतात, खळीही करत असतील. चांगुणेला ते पटलं. तिनं आणखी सांगितलं, की बानं डाव्या हातात तलवार धरली होती.

"डावखुराबी नव्हता," माय म्हणाली.

झुंबरबाई हसली. "अवं सोजरे, सिनेमातले सारेच डावखुरे असतात. राजा डाव्या हातानं जेवते, नवरदेव डाव्या हातानं हार घालते. मी इतके खेळ पाह्यले, उजव्या हाताचा माणूस म्हणून पाह्यला नाही."

शेषरावांची कपबशी ओठाशीच राहिली. ते उठून आत आले. झुंबरबाईला त्यांनी पुन्हा विचारलं, खरंच सगळे डावखुरे दिसतात का? ती म्हणाली, म्हणजे काय, तुम्हाला नाही दिसत? शेषरावांनी कपाळावर हात मारून घेतला. जन्मभर ते मशीनच्या बाजूला बसले होते आणि झुंबरबाई जन्मभर पडद्यामागे. एकमेकांना काय दिसतं हे दोघांनी कधी विचारलं नव्हतं. सिनेमाच्या सुरुवातीला नावं येतात, पण ती इंग्रजीत, झुंबरबाईला ती सुलटी काय आणि उलटी काय.

तुम्हीही करून पाहा. पातळ कागदावर एक घोडा काढा, त्याचं तोंड उजवीकडे. आता तोच कागद दिव्यासमोर धरून पाठीमागून पाहा. घोडा डावीकडे निघालेला दिसेल. शेषरावांनी चुलीतल्या कोळशानं असंच एका कागदावर काढून चांगुणेला दाखवलं. तिनं कागद पुढून पाहिला, मागून पाहिला. मग खाली ठेवला.

"म्हंजे तो कोण होता?" तिनं विचारलं.

"असन कोणीतरी."

रात्रभर उराशी धरलेला चेहरा असा कोणीतरी होऊन गेला. ती रडली नाही. फक्त म्हणाली, मले आज तुमच्या बाजूले बसवा.

त्या रात्रीचा खेळ यात्रेतला शेवटला होता. दुसऱ्या दिवशी तंबू उठून कुठल्या कुठे जाणार होता, आणि जालन्याच्या टॉकीजमधून तो सिनेमा केव्हाच उतरला होता. शेषरावांनी बैलांना ओळखीच्या माणसाकडे बांधलं आणि चांगुणेला घेऊन पुरुषांच्या बाजूला शिरले. दारावरचा माणूस कुरकुरला. लहान पोर आहे, असं म्हणून शेषरावांनी त्याला बाजूला केलं.

आज राजानं उजव्या हातानं तलवार उपसली. चांगुणेनं ते पाहिलं आणि काकांच्या गुडघ्यावर हात ठेवला. रांग आली. आता जेवायच्या हाताकडची कड खरी होती.

आणि तिथं कापड संपत होतं.

जालन्याला पडदा भिंतभर होता; इथलं कापड आखूड. चित्र दोन्ही कडांनी बाहेर सांडत होतं. उजव्या कडेला घोड्याची मान दिसली, लगाम धरलेला एक हात दिसला. त्यापुढचं सगळं बांबूवर आणि पलीकडच्या काळोखात गेलं. बांबूवर कसलातरी उजेड हलला. तो गाल असेल, नाहीतर कान, नाहीतर नुसती पागोट्याची कड. रांग गेली.

मध्यंतरात शेषराव मशीनवाल्याकडे गेले. चांगुणा त्यांच्या धोतराला धरून होती. त्यांनी सगळं सांगितलं आणि मशीन थोडंसं सरकवायची विनंती केली. मशीनवाला वाईट माणूस नव्हता. त्यानं विडी विझवून सगळं ऐकून घेतलं.

"मशीन सरकवलं तर तिकडून राजा कटते, भाऊ," तो म्हणाला. "लोकं राजाले पाहाले येतात. कडेच्या शिपायाले कोण पाहाते?"

मी पाहतो, असं शेषरावांना म्हणता आलं असतं. ते म्हणाले नाहीत, कारण तो खरं तेच बोलत होता. शिवाय ती रांग होऊन गेली होती, आणि झालेला खेळ मागं फिरवत नाहीत.

परत जागेवर येताना चांगुणेनं विचारलं, की रांग पुन्हा येते ना? तिला काल पाहिलेलं आठवत होतं: जादूगार मरतो, लोखंडी माणूस तुकडे होऊन पडतो, आणि शेवटी वाड्यापुढं घोडेस्वार पुन्हा उभे राहतात.

शेषराव हो म्हणाले. पण त्या दुसऱ्या रांगेत कडूबा नव्हता. लढाईचं काम चालू असताना तो पडला, आणि ती रांग त्याच्यानंतर उभी केली होती. हे त्यांना जालन्यालाच कळलं होतं. कडेची जागा तेव्हा मोकळी दिसली होती. आता सांगावं, मग सांगावं, असं त्यांचं चाललं होतं, आणि तोवर पडद्यावर लढाई जुंपली. घोडे पडत होते, माणसं पडत होती. शेषरावांनी मान खाली घातली.

जादूगार मेला. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. चांगुणेनं काकांच्या खांद्यावरचं पांढरं उपरणं ओढून घेतलं आणि ती उठली. ते चांगुणे, थांब म्हणेपर्यंत ती माणसांच्या पायांवरून, शिव्या खात, उजव्या बांबूपाशी पोचली होती. उपरण्याची एक कड तिनं खांद्यानं बांबूला दाबून धरली, दुसरं टोक हातात घेऊन लांब केलं. जिथं कापड संपत होतं, तिथून पुढं आता हातभर कापड झालं.

खाली बस बे पोरी, कोणीतरी ओरडलं.

रांग आली. उपरण्यावर उजेड पडला. त्यात वाड्याची भिंत होती, थोडं आभाळ होतं. घोडा नव्हता. चांगुणेनं उपरणं जरा खाली घेतलं. वाळू दिसली. तिनं ते जरा पुढं ओढलं. पुन्हा भिंतच.

रांग निघून गेली आणि राजाचं लग्न सुरू झालं. लोक चपला शोधायला लागले, शेषराव वाट काढत तिच्याकडे येऊ लागले. चांगुणेनं टाचा उचलल्या, आणि उपरण्याचं टोक आणखी वर धरलं.